बर्फाचा काटा

नोव्हेंबरात लेना नदी वीतभर गोठली
की आमच्या गावात करवती निघतात.
इथे विहीर खणायची सोय नाही,
कुदळ हातभर खाली गेली की जमीन दगड होते.
तेव्हा हिवाळाभराचं पाणी आम्ही कापून आणतो
आणि दारापुढे रचून ठेवतो, लाकडांच्या शेजारी.

बेर्गेनकाका कापतो, मी आकडी धरते.
पाण्यात आहे तोवर लादी अगदी गरीब.
एका हाताने ढकला, निमूट चालते,
जाडीतलं जेमतेम एक बोट वर,
बाकी सगळी खाली, काळ्या पाण्यात.
जितकं पाणी बाजूला सारलं
तितकाच भार नदी उचलते,
थेंबभर कमी नाही, थेंबभर जास्त नाही.
मापात पाप नाही.

मग लादी काठावर ओढायची,
आणि तिथे नदी हात काढून घेते.
ब्याण्णव किलो.
काकाच्या तोंडून शिवी निघते ती वाफेसकट.

एर्खान दहा वर्षांचा, माझा भाऊ,
सगळ्यावर संशय घेण्याच्या वयात.
त्याने एक लादी शाळेच्या पट्टीने मोजली:
मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद,
वीस सेंटिमीटर जाड. म्हणजे शंभर लिटर.
चुलीमागच्या पिंपावर शंभराची रेघ मारली खडूने,
लादी फोडून आत टाकली
आणि रात्रभर तीनदा उठून बघितलं.
सकाळी पाणी रेघेच्या खाली.
"आठ लिटर कमी! नदीने काटा मारला!"

मासे तोलायचा काटा काढला आम्ही.
बादली बादली करून सगळं तोललं.
ब्याण्णव किलो.
तो काट्याकडे बघत राहिला,
मग पिंपाकडे, मग माझ्याकडे,
जणू मीच प्यायले ते आठ लिटर.

काका बूट सुकवत होता. म्हणाला,
"जूनमधला इसिआख आठवतो?
हातात हात गुंफून रिंगण धरलं आपण,
मधली जागा मोकळी, आणि कुरण पुरेना.
मग नाच मोडला,
सगळे कुमीसच्या भांड्याभोवती जमले,
चार सतरंज्यांवर गाव मावलं.
कुणी रोड झालं का मधल्या वेळात?"

एर्खानने बराच विचार केला.
"म्हणजे बर्फ नाचतो?"
"नाचत नाही. नाचता नाचता थांबलाय,
हात सोडायचा राहिलाय."

आईला हे जास्त नीट सांगता आलं असतं.
मागच्या तळ्यावर ती बर्फाला भोक पाडून जाळं लावायची.
चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणायची,
ते तळाशी बसतं, आणि मासे त्याच्यात.
त्याहून गार झालं की पाणी हलकं होतं,
वर येतं, गोठतं, मग छप्परच होतं त्यांचं.
पाणी बाकीच्यांसारखं वागलं असतं
तर तळं खालून गोठत आलं असतं,
आणि तुम्ही काय खाल्लं असतंत, कुन्नेय?

यंदा तिची खोली बंद केली. लाकडं वाचतात.
चौघांचे तिघे झालो
आणि उरलेल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

गेल्या वर्षी सत्तर लाद्या कापल्या होत्या.
माझ्या हिशेबाने यंदा पन्नास पुरे.
पन्नासावी बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, बस, काका.
त्याने कानटोपी खाली ओढली,
दोरी टाकून पुढची आखली.
अंधार पडेपर्यंत करवत चालू होती.
मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजल्या.
सत्तर.

त्या वीस गोठ्यामागे उभ्या आहेत.
दुपारी ऊन पडतं तेव्हा आतून निळ्या दिसतात.
एप्रिलात गळायला लागतील.
एर्खानने आत्तापासून बादल्या मागून ठेवल्यात,
काट्याला तेल दिलंय.
थेंब वाया जाऊ देणार नाही म्हणतो,
बघू या, किती भरतं.